चकमकीच्या आधीचा कागद

११ नोव्हेंबर २००६. भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, नवी मुंबईत वाशीच्या सेक्टर नऊमधून दोन माणसांना गाडीत घालून नेण्यात आले. एक रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया, दुसरा त्याचा मित्र अनिल भेडा. त्याच रात्री आठनंतर वर्सोव्यातल्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैया मारला गेला. पोलिसांनी नोंदवले की छोटा राजन टोळीचा हा गुंड तिथे येणार अशी खबर मिळाली होती, सापळा लावला, शरण येण्यास सांगितले, त्याने गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ उलट गोळीबार करावा लागला. मुंबईत तोवर शेकडो वेळा लिहिला गेलेला हा मजकूर होता.

या वेळी मात्र दुपार आणि रात्र यांच्या मधल्या तासांत आणखी काही कागद तयार झाले होते. लखनभैयाचा भाऊ रामप्रसाद गुप्ता वकील. भावाला उचलल्याचे कळताच त्यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले : माझ्या भावाला पोलिसांनी पकडले आहे, त्याला चकमकीत मारले जाण्याची भीती आहे. भेडाच्या घरच्यांनी तो बेपत्ता असल्याची तक्रार वाशी पोलीस ठाण्यात दिली. हे सारे कागद गोळीबाराच्या आधीचे. त्यांवर सरकारी यंत्रांनीच उमटवलेली वेळ होती. जो माणूस रात्री आठ वाजता आपल्या पायांनी वर्सोव्यात येऊन पोलिसांवर गोळ्या झाडणार होता, तो पोलिसांच्याच ताब्यात असल्याचे लेखी निवेदन त्याच्या मृत्यूच्या काही तास आधी सरकारदरबारी पोचले होते.

प्रदीप शर्मा यांची कारकीर्द समजून घ्यायची तर या तारांपासून सुरुवात करावी लागते. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, शिवसेनेचे विधानसभेचे उमेदवार, मग जन्मठेपेची शिक्षा झालेले आरोपी असा हा प्रवास आहे. वर्तमानपत्रांत तो पराक्रमांच्या आकड्यांनी सांगितला गेला, चित्रपटांनी त्या काळच्या अधिकाऱ्यांभोवती वलय उभे केले, आणि ‘चकमकफेम’ हे विशेषण मराठी पत्रकारितेत पदवीसारखे रुळले. मी इथे शक्य तितके कागदांना धरून चालणार आहे : आदेश, अर्ज, निकालपत्रे. कोणता कागद कधी आणि कोणाच्या हातून लिहिला गेला, हा प्रश्न या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा आहे.

शर्मा मूळचे उत्तर प्रदेशातले, वाढले धुळ्यात. वडील तिथे महाविद्यालयात शिकवत. १९८३ साली ते पोलीस उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेली ती तुकडी पुढे मुंबईच्या इतिहासात वेगळीच ओळखली गेली. विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे हे सारे त्याच तुकडीतले. मन्या सुर्वे १९८२ मध्ये वडाळ्याला मारला गेला तेव्हापासून शहराला चकमक हा प्रकार माहीत होता. नव्वदच्या दशकात तो धोरणासारखा राबवला गेला. दाऊद, राजन, गवळी, नाईक यांच्या टोळ्या बिल्डरांकडून, चित्रपट निर्मात्यांकडून, हॉटेलवाल्यांकडून खंडणी उकळत होत्या. साक्षीदार फिरत होते, खटले वर्षानुवर्षे रखडत होते. लोक भ्यालेले होते, आणि त्या भीतीतून चकमकींना खरा पाठिंबा मिळाला. हे मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. या अधिकाऱ्यांना हार घालणारी माणसे मुंबईची सामान्य माणसेच होती.

संख्येची कल्पना यावी म्हणून एकच नोंद. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे हाच वादाचा विषय होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल सप्टेंबर २०१४ मध्ये दिला आणि अशा मृत्यूंच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शर्मांच्या नावावर शंभरहून अधिक चकमकी सांगितल्या जातात. कुठे १०४, कुठे ११२, कुठे ११३. माणसे मेल्याचा आकडा असा बातमीगणिक बदलत राहतो, यातच मला त्या काळाची बेफिकिरी दिसते.

चकमकीची कागदपत्रे कशी तयार होत, ते पाहण्यासारखे आहे. गुन्हा नोंदवला जाई तो मेलेल्या माणसावर : पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न, बेकायदा शस्त्र बाळगणे. फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस, पंचनामा करणारे पोलीस, तपास करणारेही बहुधा शेजारच्या किंवा त्याच ठाण्याचे पोलीस. आरोपी मेलेला, म्हणून खटला चालण्याचा प्रश्न नाही. फाइल बंद. त्या फाइलमधला प्रत्येक कागद घटनेनंतर लिहिलेला आणि एकाच बाजूने लिहिलेला असे. इतिहासाचा अभ्यासक अशा दफ्तराकडे ज्या सावधपणे पाहतो, त्या सावधपणे पाहण्याची जबाबदारी न्यायालयांची होती. बहुतेक वेळा त्यांच्यासमोर दुसरा कागदच नसे.

लखनभैयाच्या बाबतीत तो होता. रामप्रसाद यांनी त्याच महिन्यात उच्च न्यायालयात याचिका केली. स्वतः वकील असल्याने त्यांना ठाऊक होते की तार केल्याची पावती, फॅक्सचा अहवाल, तक्रारीची प्रत हे जपून ठेवायचे असते. दुसऱ्या एखाद्या गरीब घरातला भाऊ त्या दुपारी ठाण्याच्या दारात रडत उभा राहिला असता आणि त्या रडण्याची नोंद कुठेच झाली नसती. हा फरक मला फार अस्वस्थ करतो. शंभराहून अधिक प्रकरणांपैकी एका प्रकरणात मृताचा भाऊ वकील निघाला.

फेब्रुवारी २००८ मध्ये उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशीचा आदेश दिला. ऑगस्ट २००८ मध्ये अहवाल आला : मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारने शर्मांना बडतर्फ केले, पण ते या प्रकरणावरून नव्हे. गुन्हेगारी जगताशी संबंध असल्याचा आरोप होता आणि राज्यघटनेच्या कलम ३११ मधल्या अपवादाचा आधार घेतला होता. या तरतुदीखाली विभागीय चौकशी न करता कर्मचाऱ्याला काढता येते, मात्र चौकशी का शक्य नाही याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. २००९ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने हा आदेश रद्द केला आणि शर्मा पुन्हा सेवेत आले. मधल्या काळात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांच्याच तुकडीचे साळसकर कामा रुग्णालयाजवळ अतिरेक्यांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. त्या एका तुकडीच्या वाट्याला काय काय आले, हे एकत्र पाहिले की तिच्याविषयी घाईने एकच मत बनवता येत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. प्रमुख होते उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना. पोलिसांनी पोलिसांचा तपास करायचा होता, आणि या पथकाने तो केला. जानेवारी २०१० मध्ये शर्मांना अटक झाली. ते साडेतीन वर्षे तुरुंगात राहिले.

खटला उभा राहिला तो मुख्यतः दोन आधारांवर. एक, त्या दिवशीचे कागद. दुसरा, जिवंत राहिलेला माणूस, अनिल भेडा. त्याला लखनभैयाबरोबर उचलले होते आणि महिनाभर वेगवेगळ्या ठिकाणी डांबून ठेवले होते. वाशीतून उचलले कोणी, मग कुठे नेले, दोघांना वेगळे कधी केले, हे सांगू शकणारा तो एकमेव माणूस. मार्च २०११ मध्ये त्याची साक्ष होणार होती. साक्षीच्या काही दिवस आधी, १३ मार्चला, तो घरातून बेपत्ता झाला. मनोरच्या परिसरात जळालेला मृतदेह सापडला आणि तो भेडाचाच असल्याचे डीएनए चाचणीने ठरले.

राहिले कागद. ५ जुलै २०१३ रोजी सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवले, त्यांत १३ पोलीस. १२ जुलैला शिक्षा सुनावल्या. मुंबईत खोट्या चकमकीसाठी पोलिसांना जन्मठेप होण्याची ती पहिलीच वेळ. एकटे प्रदीप शर्मा सुटले. ज्या पथकाने चकमक केली ते दोषी आणि त्या पथकाचे प्रमुख म्हणून ज्यांच्यावर आरोप होता ते निर्दोष, असा हा निकाल होता. (शिक्षा सुनावल्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जुलै २०१३ च्या रात्री, देशातली तार सेवा कायमची बंद झाली. रामप्रसाद यांच्या हाती ते साधन होते. पुढच्या कोणाच्या हाती ते असणार नव्हते.)

शर्मांच्या सुटकेविरुद्ध राज्य सरकारने अपील केले, रामप्रसाद यांनीही केले. इथून पुढचे सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. डिसेंबर २०१५ मध्ये गृह विभागाने दोषी ठरलेल्या ११ पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. जन्मठेप भोगणाऱ्यांना कार्यकारी आदेशाने बाहेर आणले गेले. पुढे उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द ठरवला. ऑगस्ट २०१७ मध्ये शर्मांना पुन्हा सेवेत घेतले आणि ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकाची सूत्रे दिली. ज्या माणसाला खुनाबद्दल शिक्षा व्हावी असे राज्याचे न्यायालयातले म्हणणे, त्याच माणसाला राज्याच्याच गृह विभागाने पुन्हा गणवेश आणि पिस्तूल दिले. कायद्याने ते त्या क्षणी निर्दोष होते, त्यामुळे नियमाला धरून हे करता येत होते. पण अपील आपण स्वतः केलेले असताना ते करावे का, हा प्रश्न मंत्रालयातल्या कोणालातरी पडायला हवा होता.

ठाण्यात शर्मांनी पुन्हा नाव कमावले. सप्टेंबर २०१७ मध्ये दाऊदचा भाऊ इक्बाल कासकर याला खंडणीच्या गुन्ह्यात अटक झाली. २०१८ मध्ये क्रिकेट सट्टेबाजीच्या तपासात चित्रपटसृष्टीतली माणसे चौकशीला आली. कॅमेरे परतले. मग जुलै २०१९ मध्ये, सेवेचा काही काळ शिल्लक असताना, त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरमध्ये मातोश्रीवर उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत शिवसेनेत प्रवेश केला आणि ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत पालघर जिल्ह्यातल्या नालासोपारा मतदारसंघातून उभे राहिले.

नालासोपारा हा तेव्हा बहुजन विकास आघाडीचा, म्हणजे हितेंद्र ठाकूर यांच्या घराण्याचा गड होता. समोर त्यांचे चिरंजीव क्षितिज ठाकूर. वसई-विरार पट्ट्यातली दहशत मोडून काढायला खमक्या पोलीस अधिकारी हवा, असा शिवसेनेच्या प्रचाराचा सूर होता. मतदारांनी तो मानला नाही. क्षितिज ठाकूर सुमारे ४३ हजार मतांनी निवडून आले. शर्मांना लाखाहून अधिक मते पडली, हेही नोंदवले पाहिजे. अपील उच्च न्यायालयात पडून असलेल्या उमेदवारासाठी ही मते थोडी नव्हेत.

निवडणूक कायदा या टप्प्यावर काय पाहतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस अपात्र ठरतो. शिक्षाच झालेली नसेल तर अडथळा नाही. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात प्रलंबित गुन्हे आणि झालेल्या शिक्षा यांचे रकाने असतात. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील चालू आहे ही गोष्ट त्या रकान्यांच्या फटीत हरवते. मतदाराला ती कळायची तर वर्तमानपत्रातून किंवा पक्षाने स्वतः होऊन सांगितले तरच. पक्षाने उमेदवार निवडताना हे तोलून पाहायला हवे होते. त्याने शर्मांची प्रसिद्धी तोलली, आणि ती प्रसिद्धी ज्या फाइलींवर उभी होती त्या फाइली कोणी उघडल्या नाहीत. राजकारणात येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांचा हा धोका मला मोठा वाटतो. मुंबईचे आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ मध्ये राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले, त्याच वर्षी बागपतमधून अजित सिंह यांना हरवून खासदार आणि नंतर केंद्रात राज्यमंत्री झाले. त्यांच्यावर अशा स्वरूपाचा खटला नव्हता, पण आयुक्तालयाच्या खुर्चीतून थेट प्रचारसभेत जाण्याविषयी तेव्हाही प्रश्न विचारले गेले होते. सनदी अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरायची तर थांबण्याचा काळ ठरवून दिलेला आहे. निवडणूक लढवायची तर तसा कोणताच काळ नाही.

पराभवानंतर शर्मा पुन्हा बातम्यांत आले ते २०२१ मध्ये. २५ फेब्रुवारीला अंबानींच्या अँटिलिया निवासस्थानाजवळ स्फोटकांनी भरलेली मोटार सापडली. ५ मार्चला त्या मोटारीशी संबंध असलेले ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन यांचा मृतदेह मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत मिळाला. सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांना अटक झाली. १७ जूनला राष्ट्रीय तपास यंत्रणेने शर्मांना पकडले. हिरेन यांच्या हत्येच्या कटात सहभाग असल्याचा यंत्रणेचा आरोप आहे. शर्मा तो नाकारतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. या प्रकरणावर न्यायालयाचा निर्णय व्हायचा आहे, म्हणून त्याविषयी इथे इतकेच.

लखनभैया प्रकरणाचे तसे नाही. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी साडेआठशेहून अधिक पानांचे निकालपत्र दिले.       

खंडपीठाने शर्मांची निर्दोष सुटका रद्द केली. सत्र न्यायालयाने त्यांच्याविरुद्धच्या भक्कम पुराव्याकडे दुर्लक्ष केले, तो निष्कर्ष विपरीत आणि न टिकणारा आहे, असे म्हटले आणि जन्मठेप सुनावली. मृतदेहातून काढलेली गोळी शर्मांच्या शस्त्राशी जुळते, हा पुरावा खालच्या न्यायालयाने बाजूला ठेवला होता. उच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. बारा पोलीस आणि एका खासगी व्यक्तीची जन्मठेप कायम राहिली, सहा खासगी व्यक्ती सुटल्या. दोन आरोपी दरम्यान मरण पावले होते. गणवेशातल्या गुन्हेगारांना मोकळीक मिळू शकत नाही, या आशयाची वाक्ये निकालात आहेत आणि वर्तमानपत्रांनी तीच ठळक छापली. मला मात्र न्यायालयाने पुरावा ज्या रीतीने जोडला ती रीत अधिक मोलाची वाटते. त्या दुपारच्या तारा, फॅक्स आणि बेपत्ता असल्याची तक्रार आधी लावून मग पोलिसांची हकिकत त्यांच्यावर ठेवली गेली. ती बसली नाही. दुपारी साडेबाराला वाशीत पोलिसांच्या हाती लागलेला माणूस रात्री आठला वर्सोव्यात पोलिसांवर चाल करून येऊ शकत नाही.

८ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्मांना शरण येण्यापासून दिलासा दिला आणि त्यांचे अपील सुनावणीला घेतले. अंतिम शब्द तिथला असेल, आणि तोवर त्यांना ‘दोषी’ म्हणताना हे अपीलही सांगितले पाहिजे. ज्या शिस्तीची अपेक्षा आपण पोलिसांच्या कागदांकडून करतो, ती आपल्या लिहिण्यालाही लागू आहे.

उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आणखी एक भाग आहे, आणि त्याची बातमी फारशी झाली नाही. तो अनिल भेडाविषयी आहे. मुख्य साक्षीदाराला साक्षीच्या तोंडावर संपवले गेले, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे असूनही इतक्या वर्षांत मारेकरी पकडले गेले नाहीत, याबद्दल न्यायमूर्तींनी स्पष्ट शब्दांत खेद नोंदवला, हा न्यायाचा उपहास आहे असे म्हटले आणि तपास तडीस नेला जाईल अशी अपेक्षा व्यक्त केली. भेडावर कोणतीही चकमक नोंदली गेली नाही, त्याच्या नावावर कोणाला बढती मिळाली नाही, कोणत्याही यादीत तो आकडा म्हणून आला नाही. तो मित्राबरोबर निघाला होता, महिनाभर कोंडला गेला, सुटला, आणि सव्वाचार वर्षांनी जे पाहिले ते न्यायालयात सांगायला तयार झाला होता. मार्च २०११ मधल्या त्या चार-पाच दिवसांत त्याचा ठावठिकाणा कोणाकोणाला माहीत होता, त्याच्या संरक्षणाची जबाबदारी कोणावर होती आणि ती कोणत्या आदेशाने दिली होती, हे सरकारी कागदांत शोधता येण्यासारखे प्रश्न आहेत. गुन्हे अन्वेषण विभागाने त्यांची उत्तरे न्यायालयासमोर ठेवावीत, आणि गृह विभागाने ती मागावीत.